वेष्टनासह, सुस्थितीत

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी बहुतेकांची एक लकब मी पाहून ठेवली आहे. खालच्या फळीवरचे एखादे जाडजूड पुस्तक ते मोठ्या उत्साहाने मांडीवर ओढतात, शेवटच्या पानापासून सुरुवात करून पहिल्या पानाकडे भराभर येतात, मध्येच एखाद्या चित्रापाशी थांबून "फोटो काय सुरेख आलाय हो!" म्हणतात, आणि चहा आला की कपबशी ठेवण्यासाठी त्याच पुस्तकाकडे आशेने पाहू लागतात. अशा वेळी आमची सौ. माझ्या चेहऱ्याकडे न पाहता चटकन तिपाई पुढे सरकवते. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या छंदाला तिने केलेली ही सर्वांत मोठी मदत होय. एरवी तिच्या लेखी ही सगळी 'चित्रांची पुस्तके', आणि ती मोठ्या माणसाने पैसे मोजून का घ्यावीत याचे तिला अजूनही कोडे आहे. ज्यात वाचायला धड चार ओळी नाहीत त्याला पुस्तक म्हणायचेच कशाला, असा तिचा रोकडा सवाल असतो.

सवाल वाटतो तितका भाबडा नाही. लग्नाच्या अल्बममध्ये छायाचित्रे असतात, गडकिल्ल्यांची माहिती देणाऱ्या पुस्तकातही असतात. पण मी ज्यांच्या मागे लागलो आहे त्या पुस्तकांत चित्रांच्या हाताला धरून चालवणारा मजकूर नसतो. कोणत्या चित्रानंतर कोणते यावे, समोरचे पान कोरे सोडावे की भरावे, कुठे वाचकाला थांबवावे आणि कुठे पुढे ढकलावे, हे सारे छायाचित्रकाराने ठरवलेले असते. रॉबर्ट फ्रँक हा मूळचा स्वित्झर्लंडचा गृहस्थ १९५५-५६ मध्ये जुन्या मोटारीतून सबंध अमेरिका हिंडला. सातशेहून अधिक रिळे त्याने संपवली, सुमारे २७,००० चित्रे टिपली आणि पुस्तकात घेतली फक्त ८३! बाकीची हजारो चित्रे वाईट होती असे थोडेच आहे? पण ह्या ८३ चित्रांना जो क्रम लागला, त्यातून जे म्हणायचे ते म्हणून झाले. हे पुस्तक आधी पॅरिसमध्ये १९५८ साली निघाले तेव्हा प्रकाशकाने चित्रांच्या समोर अमेरिकेविषयीचे उतारे भरले होते. पुढे न्यूयॉर्कच्या आवृत्तीत ते उतारे गेले, जॅक केरुआकची प्रस्तावना तेवढी आली, आणि चित्रे मोकळी झाली. असले पुस्तक मागून पुढे चाळणे म्हणजे नाटकाला तिसऱ्या अंकापासून बसण्यासारखे आहे. पाहुण्यांना हे सांगता येत नाही. चहा गार होतो.

मला ही बाधा झाली ती पोटापाण्याच्या धंद्यातून. एका छापखान्याच्या प्रोसेस खात्यात मी उमेदवारी केली आणि तिथेच केस पांढरे केले. छायाचित्राचा ब्लॉक करणे हे आमचे काम. वर्तमानपत्रासाठी ६५ रेघांची जाळी, आर्ट पेपरसाठी १३३ किंवा १५० रेघांची. त्या जाळीतून चित्र पार झाले की त्याचे ठिपके व्हायचे, आणि ते ठिपके जस्तावर किंवा तांब्यावर उतरायचे. खिशात रुमाल नसला तरी चालेल, भिंग हवेच. सह्याद्रीतल्या धुक्याचे एखादे हळुवार छायाचित्र आमच्याकडे यावे आणि दुसऱ्या दिवशी छापून निघताना ते धुणे धुतल्यावर उरलेल्या पाण्यासारखे दिसावे, हा नित्याचा अनुभव. त्यात कोणाचा दोष नसे. ठिपक्यांना जेवढे जमेल तेवढेच ते करणार.

मग एके दिवशी फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर एक फाटके फ्रेंच पुस्तक हाती आले. सवयीने भिंग लावले, तर माझ्या ओळखीचे ठिपके कुठे दिसेचनात! काळा रंग मखमलीसारखा, आणि करड्या रंगाच्या तर छटा मोजता येऊ नयेत. हे ग्रॅव्ह्यूरचे छापकाम. ह्यात चित्र धातूत खोल खोदले जाते; जिथे चित्र गडद तिथे खड्डा खोल, तिथे शाई जास्त. म्हणजे कागदावरचा काळा रंग खरोखरीच जाड थराचा असतो. आपल्याकडे नाशिकच्या सरकारी छापखान्यात १९५२ साली ह्याच तऱ्हेने कबीर, मीरा, तुलसीदास वगैरे संत-कवींची तिकिटे छापली गेली. ती कोणाच्या जुन्या संग्रहात असतील तर भिंगाखाली धरून पाहावीत. बोटभर कागदावर केवढी माया केलेली आहे!

त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये आँरी कार्तिए-ब्रेसाँ याचे पुस्तक निघाले. १२६ छायाचित्रे, वर्तमानपत्राच्या घडीएवढी मोठी पाने, ग्रॅव्ह्यूरची छपाई, आणि मुखपृष्ठ कोणाचे, तर खुद्द आँरी मातीसचे! इंग्रजी आवृत्तीचे नाव 'द डिसिसिव्ह मोमेंट', म्हणजे निर्णायक क्षण. ह्या नावाने पुढे जगभरच्या हौशी छायाचित्रकारांची डोकी फिरवली. मला मात्र मूळ फ्रेंच नाव अधिक आवडते. त्यातला शब्दप्रयोग तिकडे परवान्याविना रस्त्यावर माल मांडणाऱ्या फेरीवाल्यांसाठी वापरतात. महापालिकेची गाडी दिसली रे दिसली की चादरीची चार टोके उचलून जो पसार होतो, तो! ती घाई, ती नजर, ते टोक पकडणे. दादर स्टेशनाबाहेर उभे राहिलेल्या कोणालाही हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

ह्या पुस्तकाचा उत्तरार्ध बराचसा पूर्वेकडचा आहे. फाळणीनंतरच्या निर्वासितांची छावणी त्यात आहे, गांधीजींची अंत्ययात्रा आहे. गांधीजींच्या शेवटच्या दिवशी कार्तिए-ब्रेसाँ त्यांना भेटला होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९४७ साली त्याचे प्रदर्शन झाले, त्या वेळी निघालेले चित्रांचे छोटे पुस्तक त्याने त्यांच्या हाती दिले. त्याने स्वतः सांगितलेली हकीगत अशी, की गांधीजी एकेक पान सावकाश उलटत होते, काही बोलत नव्हते. कवी पॉल क्लोदेल एका शववाहिकेकडे पाहत उभा आहे, त्या चित्रापाशी ते थांबले, ह्याचा अर्थ काय म्हणून त्यांनी विचारले, आणि मग मृत्यू हा एकच शब्द तीनदा उच्चारला. त्यानंतर थोड्याच वेळाने ते प्रार्थनेला निघाले. मला ह्या हकिगतीतला 'एकेक पान सावकाश' हा भाग फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या दाराशी देशाचा सगळा गाडा अडून उभा होता, त्या माणसाला चित्रांचे पुस्तक पहिल्या पानापासून पाहायला सवड होती.

छायाचित्रांची पुस्तके ही परदेशी चूष आहे असे मानण्याचेही कारण नाही. इंग्लंडात ॲना ॲटकिन्स हिने १८४३ पासून समुद्रशेवाळाच्या निळ्या छायाप्रतिमांचे पुस्तक करायला घेतले, १८४४ मध्ये टॅल्बटच्या 'पेन्सिल ऑफ नेचर'चा पहिला भाग आला, आणि पुढच्या दहा वर्षांत, १८५४ साली, आपल्या मुंबईत छायाचित्रणाची संस्था उभीही राहिली! डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. त्याच गोतावळ्यातल्या विल्यम जॉन्सनने मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत काढली. माणसे एका ठिकाणी टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही बेमालूम जोडलेली. नाटकाच्या पडद्यापुढे उभे राहून फोटो काढण्याची आपली हौस अशी जुनी आहे. सरकारने काढलेला 'पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ ह्या काळातला. सत्तावन्नच्या धक्क्यानंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा कोण, हे एकदा मांडून ठेवायचे होते. त्यामुळे त्यातल्या पुष्कळ चेहऱ्यांवर आपण पाहिले जात आहोत याची नाखुषी स्पष्ट दिसते.

ह्या पुस्तकांत चित्रे छापलेली नसत. अंड्यातला पांढरा भाग लावलेल्या कागदावर प्रत्येक छायाचित्र वेगळे उमटवायचे आणि पानावर हाताने डकवायचे. चारशेहून अधिक चित्रे, असे दोनशे संच. डकवणाऱ्याच्या बोटांचे काय झाले असेल त्याचा हिशेब वाचकांनीच करावा. पण जे डकवता येते ते उचकटताही येते. जुनी पुस्तके ह्यामुळेच मोठ्या संख्येने फुटली. सबंध खंडाला एक गिऱ्हाईक मिळायची मारामार, सुट्या चित्रांना मात्र शंभर मिळतात, हे गणित व्यापाऱ्यांना फार लवकर उमगले.

आता मोल करण्याविषयी थोडे. निवृत्तीनंतर लोक मला बोलावू लागले: "वडिलांची पुस्तके आहेत, जरा येऊन सांगाल का?" मी जातो. फी घेत नाही, चहा घेतो. जाताना भिंग, मऊ ब्रश आणि एक वही एवढेच नेतो.

पहिली गोष्ट, पुस्तक जुने असले म्हणजे महाग असते हा समज पायरीवरच सोडावा. 'फॅमिली ऑफ मॅन' घ्या. ६८ देशांतली ५०३ छायाचित्रे स्टायकेनने निवडली, १९५५ साली न्यूयॉर्कला प्रदर्शन भरवले, पुढच्या वर्षी ते मुंबईलाही येऊन गेले. त्याचे पुस्तक लाखोंनी खपले आणि म्हणूनच ते आजही पदपथावर मिळते. माझ्याकडे तीन प्रती आहेत आणि तिन्हींची मिळून किंमत एका मसाला डोशाच्या आसपास. उलट एड रुशे नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९६३ मध्ये पेट्रोल पंपांच्या सव्वीस साध्यासुध्या छायाचित्रांची चोपडी काढली, प्रती फक्त ४००, किंमत साडेतीन डॉलर. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती ठेवून घेण्यास नकार दिला, तर ह्या पठ्ठ्याने त्या नकाराचीच जाहिरात केली! आज त्या पहिल्या चारशेंतली प्रत घ्यायला माझ्यासारख्याने घर गहाण टाकावे लागेल. सौ.ला मी हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "पंपांचे? पंपच दिसतात ना त्यात?"

दुसरी गोष्ट म्हणजे फॅशन. मार्टिन पार आणि जेरी बॅजर ह्यांनी अशा पुस्तकांचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड २००४ साली आला. त्यात ज्याचे नाव आले त्याचा भाव चढला. विक्रेते आपल्या याद्यांत 'पार-बॅजरमध्ये उल्लेखिलेले' असे लिहू लागले, जसे आपल्याकडे कुळ आणि गोत्र लिहितात. ह्यात बरीच चांगली पुस्तके उजेडात आली हे खरे. पण ज्यांना उल्लेख लाभला नाही त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहीना, हेही तितकेच खरे. संदेश भंडारे ह्यांचे तमाशावरचे पुस्तक घ्या. कनातीमागचे ते चेहरे, ती दमणूक, तो रंग पुसतानाचा आरसा. माझ्या मते ते अशा पहिल्या पंक्तीत बसणारे आहे. पण पॅरिसच्या व्यापाऱ्याला ते माहीत नसावे, आणि मराठी घरांत तरी कितीसे असेल?

तिसरी गोष्ट वेष्टनाची, आणि इथे आपण मराठी माणसे पुरते नागवले गेलो आहोत. विसाव्या शतकातल्या अमेरिकी पुस्तकाची वेष्टनासह एक किंमत असते आणि वेष्टनाविना तिच्या निम्म्याहूनही कमी. आणि आपण काय करतो? पुस्तक घरात आले की ते चकचकीत वेष्टन काढून टाकतो आणि जून महिन्यातल्या शाळकरी मुलाच्या भक्तिभावाने तपकिरी कागद चढवतो! वर पहिल्या पानावर निळ्या शाईने 'चि. अमुक यास मुंजीनिमित्त सप्रेम भेट'. आमच्या वाचनालयांचे तर विचारूच नका. शिक्का चित्राच्या बरोबर मध्यावर, आणि बांधणी सैल झाली की बाइंडर तिन्ही कडा कापून पुस्तक 'नवे' करून देणार. कार्तिए-ब्रेसाँ आपले चित्र कडांना जराही हात लावू न देता छापावे म्हणून हट्ट धरी, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

उरलेसुरले आपली हवा पाहून घेते. कसर आणि वाळवी सर्वांना ठाऊक आहेत. पण गुळगुळीत आर्ट पेपरचा खरा वैरी पावसाळा. ओल लागली की त्यावरचा थर विरघळतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर सबंध पुस्तकाची वीट होते. सोडवायला जावे तर चित्राचे पापुद्रे निघतात. मी दर दसऱ्याला सगळी पुस्तके बाहेर काढून, उन्हात नव्हे तर सावलीत, पंख्याखाली उघडून ठेवतो. दयानिता सिंह ह्यांची २००८ सालची सात घडीची पुस्तके आहेत, पंख्यासारखी उलगडून टेबलावर उभी करता येतात, म्हणजे घरातल्या घरात प्रदर्शन. तेवढी मात्र सौ. स्वतःच्या हाताने मांडते, आणि दिवाळी उलटेपर्यंत आत ठेवू देत नाही.

गेल्या वर्षी अशाच एका बोलावण्यावरून मी गिरगावात गेलो. आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे घर. लग्ना-मुंजींचे आणि पासपोर्टचे फोटो काढणारा त्यांचा छोटासा स्टुडिओ होता, आणि त्यातून जे शिलकीत पडे त्याची ते पुस्तके घेत. ते जाऊन चार वर्षे झाली होती. आता चाळ पाडून तिथे बुरूज उठणार होता, आणि वहिनींना तीन वर्षांसाठी एका खोलीच्या भाड्याच्या बिऱ्हाडात जायचे होते. दीड कपाट पुस्तके तिथे कुठे मावणार? रद्दीवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला होता. आणखी एक गृहस्थ आले होते, ते तसबिरींचे व्यापारी. त्यांनी सगळे कपाट पाहून एकच पुस्तक बाजूला काढले होते आणि त्याचे ६०,००० रुपये देऊ केले होते.

'द डिसिसिव्ह मोमेंट', १९५२, न्यूयॉर्कची पहिली आवृत्ती. मी गेली तीस वर्षे जे शोधत होतो ते.

"भाऊजी, ते म्हणाले पानं सुटी करून चौकटीत घालायची. हॉटेलांना लागतात म्हणे," वहिनी म्हणाल्या. "बरोबर भाव आहे का तो, एवढंच सांगा."

मी वही काढली. कणा वर-खाली फाटलेला, वेष्टन नाही, शेवटच्या पाच-सहा पानांना ओल लागलेली. चित्रे मात्र जशीच्या तशी, तोच मखमली काळा. आणि ह्या आवृत्तीबरोबर चित्रांची माहिती देणारी जी सुटी पुस्तिका येते, जी बहुतेक प्रतींतून हरवलेली असते, ती आत होती! उघडून पाहतो तर समासात पेन्सिलीने बारीक अक्षर. एकेका चित्रासमोर आमच्या स्नेह्यांनी टिपणे केलेली. 'उजेड मागून.' 'हा पोरगा हलला असता तर?' 'इथे मी दाबलेच नसते.' पानांमागून पाने. गांधीजींच्या अंत्ययात्रेपाशी काहीच लिहिलेले नव्हते.

बाजाराच्या दृष्टीने अशी टिपणे म्हणजे डाग. लिहिणारा नामांकित असेल तरच त्यांना मोल. मी कागदावर दोन आकडे मांडले. सबंध पुस्तक, पुस्तिकेसह: ३८,०००. सुटी पाने: व्यापारी म्हणतात ते ६०,००० खोटे नाहीत.

"म्हणजे फाडलं तर जास्त," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"तुम्हीच घ्या की मग अडतीसला. तुमच्याकडे नीट राहील."

माझ्या पोटात काय झाले ते लिहीत नाही. पण ज्याने मोल सांगायचे त्याने ती वस्तू घ्यायची नाही, हा ह्या कामातला पहिला आणि बहुधा एकच नियम आहे. नाहीतर पुढच्या घरी माझ्या आकड्याला कोण किंमत देणार? मी तसे म्हणालो. वहिनी हसल्या. "ह्यांच्यासारखेच आहात. हेही कधी कुणाला ब्लॅक अँड व्हाइटचे पैसे रंगीतचे म्हणून लावायचे नाहीत." मग जरा थांबून म्हणाल्या, "पानं काढून घेतल्यावर बाकीचं काय करतात?"

"मजकुराची पाने, पुठ्ठे… टाकून देतात."

"आणि ही चोपडी?"

"तीही."

त्यांनी दोन दिवस घेतले. भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट भरायचे होते आणि २२,००० रुपयांचा फरक त्यांना लहान नव्हता; ते मी जाणून होतो, म्हणून मधल्या काळात फोन केला नाही. बाकीची पुस्तके त्यांनी एका दुकानदाराला एकगठ्ठा दिली. 'डिसिसिव्ह मोमेंट' मात्र एका कलाशाळेच्या ग्रंथालयाने सबंध घ्यायची तयारी दाखवली. तिथले ग्रंथपाल घरी आले त्या दिवशी मलाही बोलावणे होते. त्यांनी हात धुऊन, पुसून, पहिल्या पानापासून पुस्तक पाहिले, एकेक पान. पाऊण तास गेला. व्यवहार ठरला, आणि मग वहिनींनी पुस्तकातून ती पुस्तिका हळूच काढून आपल्या मांडीवर ठेवली.

"ही नाही देणार," त्या म्हणाल्या. "हिच्या झेरॉक्स काढून घ्या हव्या तर."

ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिले. पुस्तिकेविना प्रत अपुरी. यादीत तसे लिहावे लागते आणि किंमत उतरते. वहिनींना मी ते सांगितले. "किती?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "तीस." त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेल्या. मी माझ्या कागदावरचे 'पुस्तिकेसह' हे शब्द खोडले, 'पुस्तिका नाही' असे लिहिले, आकडा बदलला आणि खाली सही केली.